मसाज, अभ्यंग किंवा स्पा बुक करताना आपली आवड आणि आपला नकार कसा सांगायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एका छोट्या मसाज आणि पंचकर्म केंद्रात बुकिंगचा फोन मी सांभाळते. त्याआधी बरीच वर्षं स्वतः टेबलाशी उभी राहून मालिश केली आहे. आमच्या वहीत नाव, वेळ, उपचार, थेरपिस्ट असे रकाने आहेत आणि शेवटचा रकाना ‘सूचना’. तो बहुतेक वेळा कोराच राहतो. नंतर येणाऱ्या तक्रारी मात्र नेमक्या त्या कोऱ्या रकान्यातल्याच असतात. खालचे प्रश्न लोक फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि कधी कधी मालिश उरकून चपला घालताना हळू आवाजात विचारतात, तेच आहेत.

१. फोनवर एवढं सगळं सांगायचं असतं का? नुसती वेळ घेतली तर चालत नाही?

चालतं, पण मग तुमच्या वाट्याला जे येईल ते येईल. तुम्ही फोनवर सांगितलेल्या गोष्टीची आम्हाला तयारी करता येते: कोणाला ड्यूटी लावायची, कोणतं तेल कोमट करायचं, कोणती खोली द्यायची. तीच गोष्ट टेबलावर झोपल्यावर सांगितली तर त्या दिवशी सुट्टीवर असलेली थेरपिस्ट कुठून आणणार? तुम्ही अवघडता, समोरचीही अवघडते, आणि बहुतेक जण ‘असू दे’ म्हणून सोडून देतात.

आपल्याकडे याला एक जुनं कारणही आहे. नरक चतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आईने तेल लावलं तेव्हा ‘किती जोरात लावू?’ असं तिने विचारलं नव्हतं. तेल लावून घेताना गप्प बसायचं असतं, हे आपण तिथेच शिकलो. घरात ते ठीक होतं. अनोळखी माणसाच्या हाताखाली मात्र बोलावंच लागतं.

फोनवर बोलायला संकोच वाटत असेल तर लिहून पाठवा. मला आलेल्या चांगल्या निरोपांवरून एक नमुना देते: ‘नमस्कार. शनिवारी सकाळी ११ वाजता ६० मिनिटांचं अभ्यंग हवं आहे. थेरपिस्ट बाईच हव्यात. पोटाला आणि छातीला मालिश नको. दाब मध्यम. तिळाच्या तेलाने अंगावर पुरळ येतं, दुसरं कोणतं तेल आहे ते कळवा. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं आहे. एवढं जमणार असेल तरच बुक करा.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते वाचल्यावर समोरच्याला हो की नाही हे सांगावंच लागतं.

२. ‘हे नको’ म्हटलं की कारणही द्यावं लागतं का?

आवडीनिवडीचं कारण द्यायचं नसतं. ‘पायाला हात नको’ एवढं पूर्ण वाक्य आहे. कोणी ‘का हो?’ विचारलंच तर ‘मला नको आहे’ हेच पुन्हा सांगा.

तब्येतीचं मात्र कारणासकट सांगा, कारण तिथे आम्हाला पद्धत बदलावी लागते (प्रश्न ९ पाहा).

एक प्रसंग सांगते. पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी फक्त पाठ आणि डोकं सांगितलं होतं, आणि थेरपिस्टने आपलेपणाने ‘ताई, पूर्ण करून घ्या ना, पैसे तेवढेच आहेत’ असा आग्रह दोनदा केला. बाई हसून नको म्हणाल्या. निघताना मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्यांचं एक स्तन काढलेलं आहे आणि त्या आग्रहामुळे त्यांना ते सांगावं लागतंय की काय, अशी भीती वाटली. त्या दिवसापासून आमच्याकडे आग्रह बंद आहे. पंगतीत आग्रह शोभतो, मालिशच्या खोलीत शोभत नाही.

३. मला बाईच थेरपिस्ट हवी (किंवा मी पुरुष आहे, मला पुरुषच हवा). असं सांगितलं तर मागासलेलं वाटेल का?

नाही. हे सगळ्यात जास्त येणारं आणि सगळ्यात सोपं मागणं आहे. केरळी पद्धतीच्या बऱ्याच आयुर्वेद केंद्रांत बायकांना बायका आणि पुरुषांना पुरुष हाच नेम आहे. शहरातल्या स्पामध्ये तसं असेलच असं नाही. २०२१ मध्ये दिल्ली सरकारने स्पामध्ये स्त्रीने पुरुषाला किंवा पुरुषाने स्त्रीला मसाज करण्यावर बंदी घातली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हा हे कायद्याने आपोआप ठरेल असं धरून चालू नका, स्वतः विचारा.

‘लेडीज स्टाफ आहे ना?’ असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं, कारण रिसेप्शनवर एक बाई असतेच. ‘मला मालिश करणारी व्यक्ती बाईच असेल ना? त्या दिवशी ती आली नाही तर तुम्ही काय कराल?’ असं विचारा. बरोबर उत्तर एकच आहे: ‘फोन करून कळवू, वेळ बदलून देऊ.’

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी एका स्पामध्ये गेले होते. बाई थेरपिस्ट हवी असं बुकिंगला सांगितलं होतं. दार उघडून पुरुष थेरपिस्ट आत आला, अगदी नम्रपणे ‘मॅडम आज सुट्टीवर आहेत’ म्हणाला, आणि मी, याच व्यवसायातली बाई, काही बोलले नाही. तासभर खांदे आवळून पडून राहिले. त्याने काहीही वावगं केलं नाही. तरी तो तास आठवला की आजही खांदे आवळतात. तुमच्यावर अशी वेळ आली तर कपडे बदलण्याआधीच बाहेर या आणि काउंटरवर सांगा, ‘माझं बुकिंग असं नव्हतं, पैसे परत द्या किंवा दुसरा दिवस द्या.’ दाराबाहेर हे बोलणं आतल्यापेक्षा फार सोपं जातं.

४. कपडे किती काढावे लागतात?

कोणता उपचार घेताय त्यावर आहे, म्हणून नाव घेऊनच विचारा. थाई मसाज खाली गादीवर, सैल कपडे अंगावर ठेवून करतात; तेल नसतं, ताणणं आणि दाबणं जास्त असतं. पायांच्या रिफ्लेक्सॉलॉजीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडली की झालं. डोक्याची चंपी आणि खांदे खुर्चीत बसून होतात. शिरोधारेत कपाळावर धार धरतात, तेव्हा अंगात गाऊन ठेवता येतो. फक्त केस तेलाने चिंब होतात हे लक्षात ठेवून पुढचा कार्यक्रम ठरवा.

स्वीडिश, बाली पद्धतीचा मसाज किंवा अभ्यंग यात तेल असतं, त्यामुळे कपडे काढावे लागतात. बहुतेक ठिकाणी एकदाच वापरायची अंतर्वस्त्रं देतात, केरळी केंद्रांत कमरेला लंगोटासारखं कापड बांधतात. स्वतःचं जुनं अंतर्वस्त्र घालून राहायचं असेल तर राहा, तेलाचे डाग पडतील एवढंच. वरचं अंतर्वस्त्र काढायचं नसेल तर तेही सांगा. पाठीवरची पट्टी आडवी येते, पण तिच्या बाजूने काम करता येतं.

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा. कपडे बदलताना थेरपिस्ट बाहेर जाते का? (गेलीच पाहिजे.) अंगावर चादर असते का, आणि ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवतात का? आणि मालिश एकजण करतं की दोघं? ही तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. केरळी अभ्यंगात टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन थेरपिस्ट असण्याची पद्धत आहे. एकीची मनाची तयारी करून आलेल्या बाईसमोर अचानक दोघी उभ्या राहिल्या की ती दचकते.

५. मंगळसूत्र काढायचं नाहीये. जोडवी, जानवं, हिरवा चुडा यांचं काय?

काढू नका. ‘आधी दागिने काढा’ ही पाटी चोरीच्या कटकटीसाठी आणि तेलासाठी असते, तुमच्या इच्छेच्या वर ती नाही. बुकिंगला सांगितलंत तर थेरपिस्ट मानेचं काम करताना मंगळसूत्र हळूच एका बाजूला घेते. पोत दोऱ्यात ओवलेली असेल तर दोरा तेल पितो आणि काळा पडतो. म्हणून काही बायका ते बोटभर मलमलच्या फडक्यात गुंडाळून केसांच्या अंबाड्यात खोचतात. हे मला आमच्याकडच्या एका आजींनी शिकवलं. गरम दगडांच्या मसाजात धातू तापतो, तेव्हा जोडव्यांच्या आसपास दगड नको असं सांगा. काचेचा चुडा असेल तर हातांचं काम कोपराच्या वरच ठेवतात. डोक्यावरचा स्कार्फ किंवा पगडी काढायची नसेल तर डोकं वगळून बाकीचं करता येतं.

काढणारच असाल तर स्वतःच्या छोट्या बटव्यात, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. खोलीतल्या वाटीत नको.

६. ‘इथे हात नको’ हे नेमकं कोणत्या शब्दांत सांगू? लाज वाटते.

अवयवाचं नाव घ्या. ‘नको तिकडे नको’ याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. ‘मांडीला फक्त गुडघ्यापासून चार बोटं वरपर्यंत’, ‘पोट पूर्ण सोडा’, ‘कंबरेच्या खाली नको’, ‘चेहऱ्याला तेल नको’. उलट बाजूने सांगायला सोपं जात असेल तर तसं सांगा: ‘फक्त पाठ, खांदे आणि तळपाय.’ यादी छोटी असली की चूक होत नाही.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. सर्वांग अभ्यंगात पोट आणि छातीचा वरचा भाग धरलेला असतो. कंबरदुखीसाठी डीप टिश्यू (खोल दाबाचा मसाज) घेतलं तर थेरपिस्ट नितंबांचे स्नायू दाबू शकते, कारण कंबरेचा ताण बरेचदा तिथून येतो. हे गैर नाही, पण आधी विचारल्याशिवाय ते होता कामा नये. ‘नको’ म्हटलंत तर चादरीवरून दाबता येतं किंवा ते सोडून देता येतं. गुप्तांगांना स्पर्श हा कोणत्याही मसाजचा भाग नाही. कोणी तसं सांगत असेल तर ते खोटं आहे. पुढचं प्रश्न १९ मध्ये.

७. दाब जास्त झाला तर कसं सांगू? ‘जोरात’ म्हटलं की जीव जातो, ‘हळू’ म्हटलं की गुदगुल्या होतात.

आकडा सांगा. मी ग्राहकांना एक ते दहा विचारते. पहिल्या पाच मिनिटांत थेरपिस्टलाही सांगा, ‘आत्ता सात आहे, मला पाच हवा.’ पाठीला सात आणि पिंढऱ्यांना तीन असंही असू शकतं, तसंच सांगा. तुमचा श्वास अडकला किंवा मुठी वळल्या तर दाब तुमच्यासाठी जास्त आहे, मग तोंडाने तुम्ही काहीही म्हणत असा. ‘दुसऱ्या दिवशी अंग दुखलं म्हणजे मालिश चांगली झाली’ या समजुतीपायी लोक उगाच सोसतात.

८. मला मालिश चालू असताना बोलायला आवडत नाही. उद्धटपणा होईल का?

नाही होणार. ‘मी डोळे मिटून पडणार आहे, गरज असेल तरच बोला’ एवढं सुरुवातीला सांगा. गाणी बंद, एसी कमी, उदबत्ती नको, दिवा थोडा चालू ठेवा, हे सगळं सांगता येतं. वाफेच्या पेटीत डोकं बाहेर असतं, तरीही ज्यांना कोंडल्यासारखं वाटतं त्यांनी आधी विचारावं की दार आतून उघडतं का आणि कोणी जवळ थांबणार आहे का.

९. आजार, गोळ्या, ऑपरेशन हे सगळं सांगायचं का? रिसेप्शनवर दहा जण बसलेले असतात.

सांगायचं, पण सगळ्यांसमोर नाही. ‘मला वैद्यांशी (किंवा थेरपिस्टशी) दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे’ असं म्हणा. लिहून दिलंत तरी चालेल. ज्यांना ही माहिती लागते त्यांनाच ती कळावी, हे सांगण्याचाही तुम्हाला अधिकार आहे.

न सांगितलं तर खरोखर धोका आहे अशा गोष्टी: पायात रक्ताची गाठ झाली असेल किंवा एक पिंढरी अचानक सुजून दुखत असेल तर मालिश अजिबात नाही, गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आधी डॉक्टर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबाने काळे-निळे डाग पडतात. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर गरम पोटली किंवा दगडाचा चटका कळत नाही आणि जखम होते. हा अपघात फार सहज होतो, कारण माणूस खरंच म्हणत असतो, ‘अजून गरम चालेल.’ रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर वाफ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. पेसमेकर असेल तर विजेची किंवा कंपनाची यंत्रं नकोत. फिट येत असतील तर कापूर, निलगिरीसारखे उग्र वास टाळायला सांगा. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांची परवानगी घ्या आणि तसं आम्हाला सांगा. ताप असेल किंवा त्वचेवर संसर्ग असेल तर वेळच पुढे ढकला.

ॲलर्जीचं थोडं सविस्तर सांगते, कारण नावांमुळे फसगत होते. ‘तीळ नको’ सांगून लोक महानारायण तेल मागतात. महानारायण, बला, धन्वंतरम या औषधी तेलांचा पाया तिळाचं तेलच असतो. सुगंधी तेलांच्या मसाजात बदाम तेल असू शकतं, आणि पानांच्या पोटलीत किसलेलं खोबरं आणि लिंबू असतं. म्हणून ‘यात मूळ तेल कोणतं आहे?’ असं विचारा, आणि शंका असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा.

१०. पाळी आली तर बुकिंग रद्द करायचं का?

तुम्हाला हवं तसं. आयुर्वेदाच्या पद्धतीत पाळीच्या दिवसांत पंचकर्म थांबवतात आणि बरीच केंद्रं अभ्यंगही करत नाहीत. साधा मसाज तुम्हाला बरं वाटत असेल तर घेता येतो. पोट आणि कंबरेचा खालचा भाग वगळायला सांगा. ‘आज तब्येत ठीक नाही, वेळ बदलून द्या’ एवढ्यावर बुकिंग बदलून मिळायला हवं.

११. मी गरोदर आहे. / मी बाळंतीण आहे, मालिशवाल्या मावशी घरी येतात आणि सगळं सासूबाई ठरवतात. माझं काय?

गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा, मग कितवा महिना आहे ते बुकिंगलाच सांगा. पोटाला दाब नाही, वाफ आणि गरम पाण्याचा टब नाही, पोट मोठं होऊ लागलं की कुशीवर झोपवून मालिश. ‘गरोदर बाईला मालिश करायची सवय असलेली थेरपिस्ट आहे का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका.

बाळंतिणीचा प्रश्न मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तिथे बुकिंगची वही नसते. मावशी दारात येतात, चटई अंथरतात आणि सुरू करतात. अंग बाळंतिणीचं, सूचना मात्र खोलीतल्या बाकी सगळ्यांच्या. मावशींचा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही पहिल्या दिवशी, तेल कोमट होत असतानाच, हे बोलून घ्या: सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला मालिश नाही आणि पोट करकचून बांधणं नाही. मालिशच्या वेळी खोलीत कोण थांबेल ते मी सांगेन. स्तनांना हात लावण्याआधी मला विचारा.

बाळाच्या बाबतीतही सांगा: नाक-डोळ्यांत, कानांत तेल नको, नाक उभं होण्यासाठी चिमटणं नको, छाती पिळून ‘दूध काढणं’ नको, बंद खोलीत शेगडीची धुरी नको. यातल्या प्रत्येक गोष्टीला बालरोगतज्ज्ञ नाही म्हणतात, म्हणून त्यांचंच नाव पुढे करा. ‘मावशी, तुमचा हात चांगला आहे, पण डॉक्टरांनी पोटाला नाही सांगितलंय’ असं म्हटलं तर मावशी दुखावत नाहीत आणि सासूबाईंनाही वाद घालायला जागा राहत नाही. नवरा घरात असेल तर हे वाक्य त्याने बोलावं. त्याचं ते कामच आहे.

१२. थेरपिस्टला मराठी येत नाही. / मला कमी ऐकू येतं. मधेच थांबवायचं असेल तर?

मुंबई, पुणे, गोव्यातल्या स्पांमध्ये मिझोराम, नागालँड, मणिपूर, केरळ इथून आलेल्या मुली पुष्कळ काम करतात. त्यांची हिंदी आणि तुमची हिंदी दोन्ही मोडकी असली तरी चार शब्द पुरतात: ‘पेट नहीं’, ‘घुटने के ऊपर नहीं’, ‘और हल्का’, ‘रुको’. सुरू होण्याआधी रिसेप्शनवरच्या व्यक्तीला दोघींसमोर हे सांगायला लावा. कानाचं यंत्र काढून ठेवणार असाल किंवा पालथं झोपल्यावर बोललेलं ऐकू जात नसेल, तर खूण ठरवा. आमच्याकडे टेबलाच्या कडेवर दोनदा थाप म्हणजे थांबा, आणि तळहात वर-खाली म्हणजे दाब कमी.

१३. आधी हो म्हटलं होतं, पण सुरू झाल्यावर नको वाटलं तर? पैसे जातील ना?

आधी दिलेला होकार पुढच्या प्रत्येक मिनिटाला बांधील नसतो. ‘थांबा, मला आता नको आहे’ म्हणा. तेल पुसायला टॉवेल मागा आणि त्यांना बाहेर थांबायला सांगा. फक्त एक भाग नको असेल तर ‘हे सोडून पुढे जा’ पुरतं.

पैशांचं आधीच विचारून ठेवा: मधेच थांबवलं तर काय, उशीर झाला तर वेळ कापतात का, किती तास आधी रद्द करता येतं. तुम्ही सांगितलेली गोष्ट पाळली नाही म्हणून थांबवलं असेल तर पूर्ण पैसे परत मागणं रास्त आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलेली सूचना तिथे पुरावा म्हणून उभी राहते. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

१४. ॲपवरून थेरपिस्ट घरी बोलावते आहे. वेगळं काय सांगायचं?

प्रश्न ३ आणि ६ मधलं सगळं ॲपच्या सूचनांच्या चौकटीत लिहा आणि फोन आल्यावर पुन्हा सांगा. घरात आणखी कोण असेल, कुत्रा आहे का, लिफ्ट आहे का तेही सांगा. ती मुलगी जड घडीचं टेबल खांद्यावर घेऊन येते. कोणती खोली द्यायची ते आधी ठरवा. बेडरूममध्ये नको असेल तर हॉलमध्ये पडदा ओढूनही होतं. ॲपवर दिसलेल्या नावाची आणि फोटोचीच व्यक्ती आली आहे ना हे दारातच पाहा. फोटो एकाचा दाखवून वेगळंच माणूस आलं असेल तर दार उघडायचीही गरज नाही.

१५. आईला वाढदिवसाला स्पाचं व्हाउचर दिलंय, पण ती लाजते आणि जात नाही.

आईला विचारून दिलं होतं का? हा प्रश्न बोचरा वाटेल, पण दर मदर्स डेनंतर असे फोन येतात. व्हाउचर बदलून चंपी, खांदे आणि पायांचा मसाज घ्या, साडी नेसूनही ते होतं. बुकिंगचा फोन आईलाच करू द्या. लेकीने आईच्या वतीने ‘तिला सगळं चालतं’ असं सांगितलेलं मी वहीत लिहीत नाही. तुम्ही खोलीत बसलेलं तिला हवं असेल तर तशी विनंती करा, बहुतेक जण हो म्हणतात. तरीही ती नको म्हणाली तर नको.

१६. नवऱ्याने जोडप्याची खोली बुक केली आहे. मला त्याच्या शेजारी नको आहे, पण त्याला कसं सांगू?

आम्हाला फोन करा. दोन वेगळ्या खोल्या, एकच वेळ, हे सहज करता येतं. आणि जोडप्याच्या खोलीत जाणार असाल तरी तुमच्या सूचना तुम्हीच द्या. दोघांचा दाब, तेल, थेरपिस्ट वेगवेगळे असू शकतात.

१७. मी ट्रान्स आहे. थेरपिस्ट कोण असावी, हे विचारायलाच भीती वाटते.

लिहून विचारा: ‘मी ट्रान्स स्त्री आहे, मला बाई थेरपिस्ट हवी आहे, तुमच्या थेरपिस्टना हे मान्य आहे का?’ सर्वांसाठी खुली असलेली सेवा ट्रान्स व्यक्तीला नाकारायला २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचं संरक्षण) कायद्याने मनाई आहे. पण मालिश नाखूश हातांनी होऊ नये असं मला वाटतं, म्हणून उत्तर मोकळं आलं तिथेच जा. शरीराविषयीचे कुतूहलाचे प्रश्न कोणी विचारले तर उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

१८. थेरपिस्टच्याही काही मर्यादा असतात का?

असतात, आणि त्या सांगायला तिला तुमच्यापेक्षा जड जातं, कारण तिची नोकरी त्यावर असते. अंघोळ करून या. चादर स्वतःहून दूर सारू नका. ‘लग्न झालंय का’, ‘नंबर दे’, ‘एकटी राहतेस का’ हे विचारू नका. तिने ‘एवढा दाब मला देता येणार नाही’ म्हटलं तर तिची मनगटं दुखत असतात. दिवसात पाचवी मालिश असते ती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकावर जबाबदारी टाकतो की बाहेरून तिथे येणाऱ्या माणसांपासूनही तिला सुरक्षित ठेवावं. ग्राहक त्यात आलाच. म्हणून थेरपिस्ट मधेच काम थांबवून बाहेर आली तर मी आधी तिला पाणी देते, ग्राहकाला काय झालं ते नंतर विचारते.

१९. नको म्हणूनही हात लावला, किंवा स्पर्श चुकीचा वाटला. मला खात्री नाही, मी काय करू?

खात्री असण्याची गरज नाही. तो हेतू होता की चूक, हे त्या खोलीत बसून ठरवणं तुमचं काम नाही. ‘थांबा’ म्हणा, चादर ओढा, कपडे घाला, बाहेर या. मग वेळ, थेरपिस्टचं नाव, खोली आणि काय झालं ते लगेच स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवा. पावती आणि बुकिंगचे निरोप जपा.

लगेच मदत हवी असेल तर ११२. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५ आणि चोरून पाहणं किंवा चित्रण करणं यासाठी ७७ आहे. कपडे बदलायच्या किंवा मालिशच्या खोलीत कॅमेरा दिसला तर हे शेवटचं कलम लक्षात ठेवा. पुरुषांच्या बाबतीत असं घडलं तर त्यांनीही पोलिसांत जावं. आमच्याकडे दोन जणांनी काही महिन्यांनी सांगितलं, तोवर गप्प होते.

‘आधी का नाही बोललात?’ असं कोणी विचारलं तर उत्तर देत बसू नका. अंग आखडतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही, हे पुष्कळांचं होतं. माझंही झालं होतं, प्रश्न ३ मध्ये लिहिलंय.

२०. पंचकर्मात बस्तीसारखे (गुदद्वारातून औषध देण्याचे) उपचार असतात. तिथे ‘इथे हात नको’ कसं म्हणणार?

तिथे तो उपचाराचा भाग आहे, त्यामुळे मर्यादा वेगळ्या ठिकाणी आखायची. बस्ती कोण देणार, खोलीत आणखी कोण असेल, किती वेळ उघडं राहावं लागेल, हे वैद्यांना आदल्या भेटीतच विचारा. स्वतःच्या लिंगाची परिचारक व्यक्ती मागा. घरचं माणूस सोबत हवं असेल तर सांगा. वैद्यांनी हे समजावून न सांगता ‘सगळे करतात’ म्हटलं तर तो उपचार त्या दिवशी घेऊ नका.

२१. सगळं नीट सांगितलं, पण समोरून ‘बघू’, ‘आल्यावर करू काहीतरी’ असं उत्तर आलं. जाऊ का?

‘बघू’ म्हणजे वहीत काही लिहिलं गेलेलं नाही. एकदा विचारा, ‘नावासमोर लिहिलंत का? काय लिहिलंत ते वाचून दाखवाल?’ वाचून दाखवलं तर जा. फोन ठेवला तर दुसरीकडे लावा.